जुन्या संगीतावरून नवा स्कोअर लिहिताय? मधली जागा सांभाळा

बरोक संगीत (युरोपातलं सतराव्या-अठराव्या शतकातलं) आवडतं, त्यावरून ऑर्केस्ट्रासाठी काहीतरी लिहायचंय? मग आधी रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीचा ‘पुल्चिनेल्ला’ हा बॅले (१९२०) स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे स्वर एकाखाली एक लिहिलेली प्रत, समोर ठेवून ऐका. नुसते हेडफोन लावून काही कळत नाही.

त्याची ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, अठराव्या शतकातल्या दोमेनिको गाल्लोच्या ट्रिओ सोनाटावर बेतलीय. (स्ट्राविन्स्कीच्या वेळी ती रचना त्याच शतकातल्या पेर्गोलेझी या संगीतकाराच्या नावावर खपत होती.) मूळ ऐवज किती? वर दोन व्हायोलिन, खाली बास. मधले कॉर्ड हार्प्सिकॉर्डवाला (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) बासच्या स्वरांपाशी लिहिलेले आकडे बघून वाजवता वाजवता भरायचा. कागदावर तिथे काहीच नाही.

नवखा माणूस नेमका या मोकळ्या जागेत फसतो. मीही फसले. एवढी वाद्यं हाताशी आहेत म्हटल्यावर हात शिवशिवतात. व्हायोलाला लांब सूर द्या, हॉर्न धरून ठेवा, क्लॅरिनेटला तिसरा स्वर द्या. हार्मनीच्या नियमांत सगळं बिनचूक, आणि वाजलं की पिठलं! बास बुडतो, आणि हे संगीत चालतं बासच्या पायांवर. परत सांगते, मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून: मधलं भरलं की बास मरतो. सॉफ्टवेअरच्या प्लेबॅकवर हे कळणार नाही. तिथे सगळंच स्वच्छ वाजतं, त्यावर काडीचा विश्वास ठेवू नका.

स्ट्राविन्स्की सुरावट आणि बास बहुतेक जागच्या जागी ठेवतो, खोड्या काढतो त्या मधे. वादक फक्त ३३. क्लॅरिनेट नाही, तालवाद्यं नाहीत. त्यातला ‘विवो’ नावाचा भाग ऐका. मूळ चेलोचा तुकडा, तो ट्रॉम्बोन आणि डबल बासला दिलाय. ट्रॉम्बोन घसरत, भांडत येतो, आणि तरी खालची चाल लख्ख ऐकू येते.

पहिल्याच दिवशी ऑर्केस्ट्रेशनचं जाडजूड पुस्तक हातात देणारे गुरू मला पटत नाहीत. पुस्तक लागेल, पण नंतर. आधी आयएमएसएलपी या जुन्या स्कोअरच्या वेबसाइटवरून एखादा ट्रिओ सोनाटा उतरवा, आठ बारचे (बार म्हणजे मात्रांचा एक गट) फक्त वरचे-खालचे सूर दोन वाद्यांना द्या. मग मधे एकेक स्वर घाला आणि बास ऐकू येईनासा झाला की तिथेच थांबा. जमेल, घाबरू नका. पहिले काही प्रयत्न भिकार होतील, तेवढं धरून चाला.

आणि वाजवून घ्या, खऱ्या माणसांकडून. पूर्ण ऑर्केस्ट्रा कोण देणार? एक व्हायोलिनवाला, एक व्हायोलावाला आणि एक चेलोवाला चहावर पकडा. पार्ट, म्हणजे ज्याचे त्याचे स्वर वेगळे लिहिलेली पानं, मात्र नीट छापून न्या, पान उलटायला जागा सोडून. नाहीतर चहा पिऊन निघून जातात.