चालढकल करणाऱ्या मुलांना मदत करताय? या चुका टाळा

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये एकच जर्नल, म्हणजे प्रयोगांची वही, उतरवून घ्यायला चार खोल्यांतून फिरत असतं. सकाळी सहीसाठी केबिनबाहेर ही रांग. इंजिनिअरिंगला शिकवताना दर सेमिस्टरला हेच बघतो. मुलांच्या चुका सगळेच सांगतात, आज आपल्या बघू. शिक्षकांच्या आणि पालकांच्याही.

पहिली चूक, नुसतं "किती झालं?" विचारणं. उत्तर ठरलेलं असतं, "होतंय सर." माझ्या बॅचचा एक मुलगा दर आठवड्याला "जर्नल रूमवर राहिलं" म्हणायचा. शेवटी आणायलाच लावलं. झेनर डायोडच्या प्रयोगाचा निरीक्षण तक्ता आखलेला आणि कोरा. त्या दिवशी तो गैरहजर होता, रीडिंग मागायची लाज वाटली, आणि तिथून पुढची सगळी पानं पांढरी. त्याला लॅबमध्ये बसवून रीडिंग घ्यायला लावली, वीस मिनिटं लागली. उरलेलं त्याने आठवड्यात लिहून आणलं. तेव्हापासून मी "वही उघड, कुठे अडलंय ते दाखव" एवढंच म्हणतो.

दुसरी चूक म्हणजे आळशी म्हणून शिक्का मारणं. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. आपण मात्र मागचं उकरून काढण्यात पटाईत.

तारीख वाढवून देण्याची चूक मीही केली आहे. रात्री अकराला ग्रुपवर "सोमवारपर्यंत चालेल" टाकलं, की वेळेत लिहिणारी मुलं मूर्ख ठरतात आणि बाकीचे रविवारी रात्रीच बसतात. त्यापेक्षा प्रॅक्टिकलच्या पहिल्या दहा मिनिटांत मागच्या प्रयोगावर सही, आणि राहिलं असेल त्याने शेवटचा अर्धा तास तिथेच बसून लिहायचं.

घरी भिंतीवर पहाटे पाचपासूनचं रंगीत वेळापत्रक लावलं जातं. चार दिवस टिकतं. "जेवण झालं की फक्त सर्किट डायग्राम काढ" हे जास्त चालतं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती ही पोमोडोरो पद्धतही बरी. फ्रान्चेस्को चिरिल्लोने टोमॅटोच्या (इटालियनमध्ये पोमोडोरो) आकाराच्या किचन टायमरवर ती बसवली, म्हणून हे नाव. ड्रॉइंगच्या शीटला मात्र ती जमत नाही, शीट लावून बॉर्डर आखण्यातच निम्मा वेळ जातो.

मोबाइल काढून घेऊ नका. नोट्स त्यावरच येतात.

आणि मुलगा नीट जेवत नसेल, झोपत नसेल, आवडीचं क्रिकेटही सुटलं असेल, तर जर्नल बाजूला ठेवा आणि समुपदेशकाकडे न्या. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं.