घरी बनवलेले जादुई आयटम: या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या गोष्ट रचत खेळायच्या खेळात नवा डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि राक्षस चालवणारा, दोन-तीन सेशन चालवतो आणि लगेच स्वतः बनवलेली जादुई तलवार पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या, हाती ठेवतो. हौसेबद्दल तक्रार नाही, होमब्रू, म्हणजे पुस्तकाबाहेरचं घरी रचलेलं काहीही, मला मनापासून आवडतं. पण मुंबईत जिथे जिथे खेळायला बसतो, तिथे आयटम त्याच त्याच ठिकाणी फसलेले दिसतात. खाली जे लिहिलंय ते या खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल, म्हणजे 2014 च्या पुस्तकांबद्दल आहे.

आयटम राक्षसाशी तोलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दादरला एका मित्राच्या घरी दर रविवारी गेम असायचा. पाचव्या लेव्हलच्या फायटरला, म्हणजे लढवय्या पात्राला, तिथल्या डीएमने जादुई दांडपट्टा दिला. वार बसला की दरवेळी 2डी6 (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) जास्तीचं फोर्स, म्हणजे निव्वळ जादूच्या धक्क्याचं, डॅमेज. मी विचारलं तर म्हणाला, "अरे, फ्लेम टंगही तेवढंच देते."

देते, पण फ्लेम टंग ही पुस्तकातली पेटती तलवार रेअर, म्हणजे दुर्मीळ, आहे. ती अट्यूनमेंट मागते, म्हणजे पात्राला आधी ती स्वतःशी जोडून घ्यावी लागते, पेटवायला बोनस ॲक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) लागते आणि तिचं डॅमेज आगीचं असतं. आगीने कितीतरी राक्षसांना अर्धंच लागतं, काहींना तर काहीच होत नाही. फोर्स अडवणारे राक्षस शोधावे लागतात. दांडपट्ट्यावर यातली एकही अट नव्हती.

आता हिशोब करा. या लेव्हलला फायटरला दोन वार मिळतात. दोन्ही बसले तर सरासरी 14 डॅमेज निव्वळ आयटमचं, ॲक्शन सर्जच्या फेरीत, म्हणजे फायटर एका टर्नला जादा ॲक्शन घेतो तेव्हा, 28. त्याच लेव्हलच्या रोग (Rogue) या चोरट्या पात्राचा स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून केलेल्या वाराचं जास्तीचं डॅमेज, 3डी6, म्हणजे सरासरी साडेदहा, तोही टर्नला एकदाच आणि अट जुळली तरच. रोगच्या क्लासचा जो मुख्य जोर, त्याच्याहून जास्त एका हत्याराने फुकटात दिलं.

डीएमने यावर राक्षसांचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतील तो आकडा, दुप्पट केले. फायटरच्या लढाया पुन्हा रंगल्या, बाकीच्या तिघांचे वार मात्र निम्म्या किमतीचे झाले. रोग खेळणारी मैत्रीण आधी मोबाइलमध्ये बघत बसायला लागली, मग लोकलच्या मेगाब्लॉकचं कारण सांगून रविवार चुकवायला लागली. मेगाब्लॉक नसलेल्या रविवारीही ती आली नाही, तेव्हा कुठे आम्ही बसून बोललो. दांडपट्टा टर्नला एकदाच 1डी6 वर आला. फायटर खेळणाऱ्याने तो बदल विनातक्रार घेतला, कारण आयटम दिसायला-वागायला तसाच देखणा राहिला होता.

राक्षस डीएमच्या हातात असतात, ते कधीही वाढवता येतात. म्हणून आयटम तोलायचा तो शेजारी बसलेल्या खेळाडूशी. माझी सवय अशी की नवा आयटम लिहिला की बाकीच्यांच्या कॅरेक्टर शीट समोर घेतो आणि यामुळे कुणाचं काम जातंय ते बघतो. 'प्रत्येक वाराला' असं लिहिलेलं दिसलं की खोडून 'टर्नला एकदा' करतो.

+1 ला किरकोळ समजणं

20 बाजूंच्या फाशावर +1 म्हणजे पाच टक्के, आणि ते साचत जातात. आर्मर क्लास म्हणजे वार बसायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा. प्लेट चिलखताचे 18, ढालीचे 2. ढाल +1 असेल तर 21. रिंग ऑफ प्रोटेक्शन ही +1 ची अंगठी आली, 22. त्यावर डीएमने कौतुकाने बनवलेला +2 चा कमरपट्टा, झाले 24. गॉब्लिनच्या हल्ल्याला फाशात मिळवायला +4 असतो, म्हणजे त्याला 20 चंच दान पडायला हवं. ओगरला +6, त्याला 18 लागतात.

मग कंटाळलेला डीएम +10 वाले राक्षस आणतो. त्यांचा वार या फायटरला 35 टक्के वेळा बसतो आणि आर्मर क्लास 13 असलेल्या विझार्डला 90 टक्के. कमरपट्टा फायटरचा, मरतो विझार्ड. पुस्तकात +1 चं शस्त्र अनकॉमन (रेअरच्या एक पायरी खाली) आणि +1 चं चिलखत रेअर ठेवलंय, ते उगाच नाही. मी आर्मर क्लास वाढवणारा होमब्रू देतच नाही. त्याऐवजी एखादा वार चुकवायची रिॲक्शन, म्हणजे समोरच्याच्या हालचालीवर लगेच करायची कृती, देतो, दिवसातून एकदा.

बाकीच्या चुका

अट्यूनमेंट न लावणं. एका पात्राला जोडून घ्यायच्या आयटमच्या जागा तीनच असतात, त्यातून निवड करायला लागणं हाच खेळ आहे.

स्पेल लवकर देणं. विझार्डला फ्लाय, म्हणजे उडायचा मंत्र, पाचव्या लेव्हलला मिळतो, त्याआधी उडणारी खडावं कुणालाच नकोत. ब्रूम ऑफ फ्लाइंग, म्हणजे उडती केरसुणी, पुस्तकात अनकॉमन आहे आणि अट्यूनमेंटही मागत नाही. तरी मी ती देत नाही.

शाप लावून बॅलन्स झाल्याचं समजणं. लढाईच्या धामधुमीत शाप डीएमच्याच लक्षात राहत नाही, फायदा मात्र खेळाडू बरोबर लक्षात ठेवतो.

कधीच आड न येणारी अट. 'फक्त पावसात चालतो' असा आयटम कोकणासारख्या किनाऱ्यावर पावसाळ्यात चालणाऱ्या गोष्टीत कायम चालूच राहतो.

इंटरनेटवरची देखणी कार्डं लेव्हल न बघता उचलणं. चित्र सुंदर असतं, पण ते कुठल्या पार्टीसाठी लिहिलंय हे कार्डावर नसतं. दहा मिनिटं वाचवायला जाता आणि अख्खा कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशनची सलग गोष्ट, निस्तरत बसता.

घाई असेल तर

नवी कल्पना आधी एकदाच वापरता येणाऱ्या रूपात द्या, पोशन किंवा ताईत म्हणून. जड गेली तरी एका लढाईत संपते. चांगली वाटली तर चार्ज, म्हणजे मोजके वापर, लावून पक्की करा. वाँड ऑफ फायरबॉल्सचा नमुना समोर ठेवा: सात चार्ज, पहाटे 1डी6+1 परत. मी आयटमचं कार्ड पेन्सिलने लिहितो आणि देतानाच सांगतो की दोन-तीन सेशन हा कच्चा आहे, आकडे बदलतील. एवढं आधी सांगितलं की पुढे कुणी रुसत नाही.

आणि फसलेला आयटम गोष्टीतल्या चोराकडून पळवून नेऊ नका. खेळाडूला डाव कळतो, मग पुढचा प्रत्येक चोर त्याला डीएम वाटतो. सेशनच्या आधी चहा पिताना त्याला बाजूला घ्या, कार्डावरची कुठली ओळ बदलताय आणि का, ते सांगा, आणि त्या बदल्यात त्याला काय आवडेल ते विचारा.