पंप उकळण्याआधी आणि उकळल्यानंतर

ब्रेस्ट पंपाचे, म्हणजे आईचं दूध काढायच्या यंत्राचे, भाग रोज उकळले की झालं, असं बहुतेक घरांत समजतात. खरं काम उकळण्याच्या आधी आणि नंतर असतं. आधी साबणाने नीट घासणं आणि नंतर पूर्ण कोरडं करणं. दुधाचा थर राहिलेला भाग उकळला तर तो थर तिथेच शिजतो, निघत नाही. आणि उकळलेला भाग ओला असतानाच डब्यात बंद केला, तर उकळण्याची मेहनत वाया जाते.

मी नागपुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. काचेच्या नळ्या, पिपेट, पेट्री डिश धुणं आणि निर्जंतुक करणं हे माझं रोजचं काम. आता मुलगी मिहानमधल्या कंपनीत पुन्हा रुजू झाली आहे, नातू दिवसभर माझ्याजवळ असतो आणि पंप धुण्याचं काम मी तिच्याकडून मागून घेतलं आहे. दूध काढून दमलेल्या बाईने वर भांडी घासत बसावं, हे मला पटत नाही. आजी, सासूबाई, नवरा, ज्यांच्या हाती हे काम आहे किंवा यायला हवं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट: पंपासाठी वेगळा टब आणि वेगळा ब्रश. सिंकमध्ये धुवायचं नाही. आपल्या सिंकमध्ये मटणाचं पाणी जातं, पालेभाजीची माती जाते, आणि खालच्या जाळीत ओल कायम असते. तिथे जंतू वाढतातच. भांडेवाल्या ताईंची घासणी, तारेचा चोथा यांना पंप दाखवायचाही नाही. तारेने प्लास्टिकवर चरे पडतात आणि चऱ्यात दूध बसतं. टबही वापरून झाला की धुऊन पालथा घालायचा, ब्रश उभा वाळवायचा आणि दर काही दिवसांनी भागांबरोबर उकळायचा.

हात साबणाने वीस सेकंद धुवा, मग पंप पूर्ण सुटा करा. फनेल (छातीला लावायचा भाग), जोडणीचा भाग, व्हॉल्व्ह (झडप), मेम्ब्रेन (पातळ पडदा), बाटली, झाकण. "वरवर तर स्वच्छ दिसतंय" म्हणून व्हॉल्व्ह जागेवर ठेवून धुतात, आणि दूध नेमकं त्याच्याच खाली साचतं. दुधाला लागलेला प्रत्येक भाग आधी वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. एकदम कढत पाणी नको. रक्ताच्या नळ्या आम्ही आधी गार पाण्यातूनच काढायचो, कारण गरम पाण्याने प्रथिनं घट्ट होऊन चिकटतात. दुधातही प्रथिनं आहेतच. साधं पाणी झालं की टबमध्ये हाताला सोसेल इतकं गरम पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे थेंब घालून ब्रशने घासा. पुन्हा वाहत्या पाण्याने साबण पूर्ण काढा.

साबणाच्या पाण्यात तासन्तास भिजवून ठेवू नका. २०१६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये दिवस भरण्याआधी जन्मलेल्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे गंभीर आजार झाला. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने तपास केला, तेव्हा तोच जंतू घरच्या पंपात आणि सिंकच्या नाल्यात सापडला. त्या घरी पंपाचे भाग साबणाच्या पाण्यात काही तास भिजत राहायचे, न घासता नुसते खंगाळले जायचे आणि कधीकधी ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले जायचे. वाचताना मला वाटलं, हे तर आपल्याकडे कुठल्याही घरात होईल.  म्हणून मी सांगते: ताबडतोब धुवा, घासा, वाळवा.

व्हॉल्व्हबद्दल थोडं सविस्तर, कारण पंपाची अर्धी दुखणी इथली असतात. सिलिकॉनचा, बदकाच्या चोचीसारखा जो व्हॉल्व्ह असतो, त्याच्या फटीत ब्रश किंवा काडी घालायची नाही. दोन्ही बाजूंनी हलकेच दाबून फट उघडायची आणि त्यातून पाणी सोडायचं. नंतर उजेडात धरून पाहा. न दाबता फट पूर्ण मिटली पाहिजे. मिटत नसेल तर पंप नीट ओढत नाही. दूध कमी निघायला लागलं की मुली घाबरतात, "माझंच दूध आटलं" म्हणून रडतात. आधी व्हॉल्व्ह बघा, बाई. रोज वापर असेल तर हे छोटे भाग एक ते तीन महिन्यांत बदलावे लागतात. पातळ मेम्ब्रेन असेल तर ती ताणू नका, कडेला चीर गेली तर लगेच बदला.

आता उकळणं. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल, दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर दिवसातून एकदा हवंच. मोठ्या, निरोगी बाळासाठी रोज नाही केलं तरी चालतं, पण धुणं मात्र प्रत्येक वापरानंतर. यासाठी एक गंज, म्हणजे पातेलं, वेगळा ठेवा, ज्यात कधी वरण शिजलेलं नाही. भाग पाण्यात पूर्ण बुडले पाहिजेत. पाण्याला उकळी फुटल्यावर घड्याळ लावा आणि पाच मिनिटं मोजा. सांडशीही त्याच पाण्यातून काढून घ्या आणि तिनेच भाग बाहेर काढा. तळाला टेकून राहिलेलं फनेल वाकडं होतं, म्हणून मध्येच ढवळा. मोटरला जोडलेली हवेची ट्यूब आणि मोटर उकळायची नाही.

कुकर लावू नका. बऱ्याच घरांत आग्रह होतो, "एक शिट्टी काढून घे, सगळे जंतू मरतील." लॅबमधला ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर १५ पौंड दाबाने १५ मिनिटं चालतो, कुकरही त्याच जातीचा. पण तिथे काच आणि कापूस जातो. पंपाचं प्लास्टिक आणि सिलिकॉन त्या उष्णतेसाठी केलेलं नसेल तर आकार बिघडतो. तुमच्या पंपाबरोबर आलेलं पत्रक वाचा, त्यात उकळणं, वाफेची पिशवी, स्टरिलायझर यांपैकी जे लिहिलं असेल ते करा. अंगावर घालायच्या बिनवायरच्या पंपांचे भाग वेगळे असतात, तिथे तर पत्रकाशिवाय हातच लावू नका.

आमच्या नागपूरच्या पाण्याबद्दल. पेंच आणि कन्हानचं नळाचं पाणी येतं तिथे फारसा त्रास नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना उकळल्यावर भागांवर पांढरी पूड दिसेल. ते क्षार आहेत, विषारी नाहीत. पण व्हॉल्व्हच्या फटीत बसले तर फट मिटत नाही. उकळण्यासाठी आरओचं पाणी घ्या. प्लास्टिकच्या भागांवर आधीच थर चढला असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन थोडा वेळ ठेवा, मग साबणाने धुऊन काढा.

वाळवताना ऋतू बघावा लागतो. धुतलेले भाग धुतलेल्या, न वापरलेल्या सुती फडक्यावर सुटे मांडा. फडक्याने पुसू नका. फडक्यावरचे जंतू भागावर येतात, आपणहून वाळू द्या. एप्रिल-मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की भाग बघता बघता वाळतात, पण धूळही तितकीच. वरून स्वच्छ मलमल टाका. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. ती हवा ओली असते, आणि टाकीचं पाणी कधी बदललं हे घरात कोणाला आठवत नसतं. गच्चीवर उन्हात ठेवण्याचा मोहही नको, पाखरं आणि धूळ आहेच, शिवाय ऊन लागून प्लास्टिक जुनं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट अडचण. फटीत पाणी अडकून राहतं. भाग झटकून, पालथे न ठेवता आडवे ठेवा आणि पंख्याखाली जास्त वेळ द्या. बोटाने आतून तपासा, थेंब लागला तर अजून थांबा. पूर्ण वाळल्यावरच झाकणाच्या डब्यात ठेवा.

मुलगी ऑफिसात जाते म्हणून आम्ही भागांचे दोन संच घेतले. वापरलेला संच ती वाहत्या पाण्याने धुऊन वेगळ्या डब्यात आणते, घरी आला की मी लगेच घासते. वापरलेले भाग न धुता फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा लावायची पद्धत हल्ली खूप चालते. थंडीत जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. नाजूक बाळासाठी तर मी हे कधीच करणार नाही. दूध बाटलीत आलं की बर्फाच्या पॅकसह थर्मोपेटीत. २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर ठेवता येतं, पण आपल्याकडे मेमध्ये खोली २५ अंशांवर कधी असते? बर्फाच्या पॅकसह पेटीत ते २४ तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस.

ट्यूबमध्ये वाफ दिसली तर दूध काढून झाल्यावर बाटली बाजूला ठेवून पंप आणखी काही मिनिटं चालू ठेवा, ओल निघून जाते. ट्यूबमध्ये दूध गेलं असेल आणि धुऊनही आत ओल राहत असेल तर ट्यूब टाकून द्या. काळे ठिपके दिसले तर धुवायचा प्रयत्नही न करता टाकून द्या. मोटर बंद करून, वायर काढून ओलसर कपड्याने पुसा, पाण्याखाली धरू नका.

जाऊबाईंचा, मैत्रिणीचा वापरलेला पंप घेण्याआधी एवढं तपासा: तो बंद पद्धतीचा आहे का, म्हणजे दूध आणि मोटर यांच्यामध्ये अडथळा आहे का. नसेल तर दुधाचे कण मोटरच्या आत गेलेले असू शकतात आणि ते आपल्याला धुता येत नाहीत. पत्रकावर एकाच व्यक्तीसाठी असं लिहिलं असेल तर तो दुसऱ्या आईला देऊ नका. दवाखान्यातून भाड्याने मिळणारे मोठे पंप अनेकींसाठी केलेले असतात, तिथेही फनेल, ट्यूब, व्हॉल्व्ह यांचा नवा संच तुमचा स्वतःचा घ्या.