नवीन ट्रेनर असाल तर क्लायंटचा पहिला महिना असा काढा

सर्टिफिकेट मिळालं, जिमचा टीशर्ट मिळाला, आता फ्लोरवर उभे राहिलात, तर आधीच सांगतो, व्यायाम शिकवणं हे निम्मंच काम आहे, समोरचा माणूस उद्या परत आला पाहिजे हे उरलेलं निम्मं. पहाटे साडेचारला उठा, अकरापर्यंत सकाळची बॅच, दुपारी मोकळे (घरचे विचारतात, तू नक्की करतोस काय), मग पाच ते दहा परत उभंच. एवढं करून पीटीचा (पर्सनल ट्रेनिंगचा) क्लायंट पंधरा दिवसांत गायब झाला की कमिशन पण गेलं.

पहिल्या दिवशी डंबेलला हात लावू नका. वही घेऊन बसा आणि विचारा, बीपी, शुगर, थायरॉईड, जुनं ऑपरेशन, चालू गोळ्या, गुडघे, कंबर. चालताना छातीत दुखतं किंवा चक्कर येते असं कोणी म्हटलं तर डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय सुरू करायचं नाही, मालकाने तोंड वाकडं केलं तरी. इन्सुलिन घेणारा असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको आणि जवळ ग्लुकोजची पुडी असू द्या.

आता माझा गाढवपणा ऐका. माझा पहिला क्लायंट, पंचेचाळीशीतले, दिवसभर खुर्चीत बसून काम. इम्प्रेस करायचं म्हणून पहिल्याच दिवशी स्क्वॉट, लंजेस, वर परत लेग प्रेस, सगळे पायांचेच व्यायाम. दुसऱ्या दिवशी फोन आला की जिना उतरता येत नाहीये, मी हसून म्हटलं, सर छान, म्हणजे व्यायाम लागू पडला. ते काही परत आले नाहीत. अंग साधारण २४ ते ७२ तासांत जास्त दुखतं, त्यामुळे पहिला आठवडा इतका हलका ठेवा की क्लायंटने स्वतःच म्हणावं, एवढंच? आणि दुखण्यासोबत लघवी कोकसारखी काळपट झाली तर थेट हॉस्पिटल, घरगुती उपाय नकोत.

मशीनच पाहिजे असं काही नाही. एक काकू आल्या, अठ्ठावन्न वय, गुडघे कुरकुरतात, मशीन बघूनच घाबरलेल्या. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसमोर उभं केलं, हात छातीवर, बूड हळूच टेकवायचं आणि उठायचं, आठ वेळा, दोन सेट, बास. तीन आठवड्यांनी खुर्ची काढून बुटका बेंच दिला. एक दिवस आल्या आल्याच म्हणाल्या, "अरे, काल बसमध्ये दांडा न ओढता चढले!" मी वजनकाटा काढलाच नाही त्या दिवशी.

खाण्यावर प्रवचन देऊ नका, काल काय खाल्लं ते विचारा. साध्या माणसाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन असं आयसीएमआर (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) सांगते, म्हणजे ७० किलोला जवळपास ५८ ग्रॅम, वजनं उचलणाऱ्याला त्याहून जास्त लागतं. एका अंड्यात सहाएक ग्रॅम. श्रावण लागला की अर्ध्या क्लायंटची अंडी बंद, मग दही, पनीर, मटकीची उसळ, सोया चंक्स यावर भागवायचं, भांडत बसायचं नाही. किडनीचा वगैरे त्रास असेल तर डाएट आपण द्यायचंच नाही, डाएटिशियनकडे पाठवा.

पैशाचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. १२ सेशन, ४० दिवसांत संपवायचे, कॅन्सल करायचं तर आदल्या रात्री आठच्या आत, हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि त्यांचं 'ओके' येऊ द्या, नंतर "मी तर दोनदाच आलो" सुरू होतं.

आणि दोन दिवस कोणी दिसलं नाही तर "का नाही आलात" असं विचारायचं नाही, आधीच लाज वाटत असते त्यांना. तिसऱ्या दिवशी एवढंच टाका: "सर, उद्या साडेसहाचा स्लॉट ठेवलाय, हलकंच करू." मला हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर ते जिन्यावाले सर बहुतेक टिकले असते.