ईट्रेक्समध्ये ओपनस्ट्रीटमॅप: शुक्रवारी रात्री उरकायचं काम

हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर खिरेश्वरहून टोलारखिंडीत पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की खिंडीतलं वाघाचं शिल्प अगदी समोर येईपर्यंत भाच्याला दिसलं नाही. मी ऐटीत जीपीएस काढला. पडद्यावर एक बाण, भोवती कोरं मैदान. नकाशा यंत्रातल्या मेमरी कार्डात होता, पण मी तो चालूच केला नव्हता. ''मामा, एवढे पैसे घालून होकायंत्रच घेतलंत की!'' तेव्हापासून नकाशा चढवणं, चालू करणं हे सगळं मी घरी करतो, आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर.

माझं यंत्र गार्मिन कंपनीचं ईट्रेक्स २०एक्स, हातात धरायचं जीपीएस. दोन एए सेल, बटणं, टचस्क्रीन नाही. पावसात ओल्या बोटांनी फोन चालवून बघा, मग बटणांची किंमत कळते. यंत्रासोबत आलेल्या मूळ नकाशात मोठे रस्ते सोडले तर सह्याद्री जवळजवळ रिकामाच. म्हणून ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला, जगभरच्या हौशी लोकांनी भरलेला आणि फुकट वापरता येणारा नकाशा.

फाइल मी बीबीबाइक या वेबसाइटच्या एक्स्ट्रॅक्ट सेवेतून घेतो, तिथे हव्या तेवढ्या भागाचा नकाशा कापून मिळतो. नकाशावर चौकोन आखायचा, गार्मिनचा फॉरमॅट निवडायचा, ईमेल द्यायचा. फाइल तयार झाली की लिंक येते. सगळा भारत ओढत बसू नका. माझा चौकोन नाशिक ते महाबळेश्वर आणि कोकणपट्टी ते अहिल्यानगर एवढाच असतो. फॉरमॅटच्या यादीत लॅटिन-१ (फक्त रोमन अक्षरं) आणि यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या) असे दोन्ही प्रकार दिसतील. मराठी माणूस साहजिकच यूटीएफ-८ घेतो, देवनागरी दिसेल म्हणून. मीही घेतला होता. पण या यंत्रांत देवनागरीचे फाँट नसतात, आणि काही नवी मॉडेलं तर असा नकाशा उघडतच नाहीत. लॅटिन-१ घ्या. मराठी नावं रोमन अक्षरांत येतात. कधीकधी स्वरांचा पार चुथडा होतो, पण गाव ओळखू येतं.

कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, हव्या असतील तर ओपनटोपोमॅप या वेबसाइटवरची गार्मिन फाइल बघा. तिथे देशागणिक नकाशा मिळतो आणि कंटूरची फाइल वेगळी असते.

आता कार्ड. मायक्रोएसडी, एफएटी३२ फॉरमॅटचं. या फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. कार्डावर इंग्रजीत 'गार्मिन' नावाचा फोल्डर करा आणि झिप सोडवून आतली आयएमजी (.img) फाइल, म्हणजे खुद्द नकाशा, त्यात ठेवा. जुन्या यंत्रांना फाइलचं नाव 'जीमॅपसप' (gmapsupp) असंच लागतं. माझ्यासारख्या यंत्रात कुठलंही चालतं, म्हणून दोन-तीन नकाशे शेजारी शेजारी राहतात. यंत्राच्या आतल्या मेमरीतल्या फाइलींना हात लावू नका. कार्डावरचा नकाशा बिघडला तर पुसून टाकता येतो.

कार्डाची खाच सेलच्या खाली आहे. म्हणजे कार्ड बदलायचं तर सेल काढावे लागतात. भर पावसात कड्यावर हा उद्योग करायचा नसेल, तर घरीच करा.

मग सेटअपमध्ये मॅपवर जाऊन नकाशा चालू करा. हीच माझी टोलारखिंडीतली चूक. एकाच भागाचे दोन नकाशे एकदम चालू ठेवले तर एक दुसऱ्याला झाकतो, तेव्हा नको तो बंद करा. चार्जेबल सेल वापरत असाल तर सिस्टिममध्ये सेलचा प्रकारही बदला, नाहीतर बॅटरीची खूण खोटं सांगते. शेवटी पडद्यावर हरिश्चंद्रगड शोधा. तारामतीचं शिखर १४२४ मीटरचं, ते आणि आजूबाजूच्या वाटा झूम करून बघा. दिसलं तर झोपा.

वाट यंत्राला शोधायला सांगू नका. ओळखीच्या कुणाचा जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे त्याने चाललेल्या वाटेची नोंद, 'जीपीएक्स' फोल्डरमध्ये टाका आणि त्या रेघेवर चाला. नकाशात पायवाट दिसते म्हणून ती चालती असेलच असं नाही. ढोरवाट आणि माणसाची वाट यांतला फरक नकाशाला कळत नाही. कंटूरही जपून वाचा. फुकट नकाशांतले बरेचसे कंटूर फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातल्या रडारने घेतलेल्या मोजणीवरून काढलेले असतात. त्या मोजणीत दोन बिंदूंमधलं अंतर साधारण ३० मीटर किंवा त्याहून जास्त. कोकणकड्यासारखा आत वळलेला कडा त्यात नुसता तीव्र उतार दिसतो. रेघा दाट दिसल्या की जपून चाला, आणि विरळ दिसल्या तरी धुक्यात काठीने पुढची जमीन चाचपा.

घरी परतल्यावर ट्रॅक कॉम्प्युटरवर उतरवतो आणि ओपनस्ट्रीटमॅपवर राहिलेलं भरतो. कुठे एखादं बारमाही टाकं, कुठे बुजलेली वाट. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून बघून भरायचं नाही, परवानगी नसते. स्वतः पाहिलेलं तेवढंच. नाव मराठीत घाला, पण इंग्रजी नावाचा रकानाही भरा. मी एका टाक्याचं नाव नुसतं देवनागरीत भरलं होतं. पुढच्या महिन्यात ताजी फाइल चढवली, तर पडद्यावर आलेलं नाव मलाच वाचता येईना.