कळसूबाईच्या थरांचा नकाशा: निघण्यापूर्वीची तयारी

कळसूबाईवरचे लाव्हाचे थर नकाशावर उतरवायचे असतील, तर तयारीचा मुख्य भर उंची अचूक मोजण्यावर असावा. दख्खनच्या बेसाल्टचे हे प्रवाह सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचले आणि आजही जवळजवळ आडवेच आहेत. एक अंश नती, म्हणजे थराचा आडव्या पातळीशी असलेला कल, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम १७.५ मीटरचा उतार. सह्याद्रीत ती बहुधा याहूनही कमी असल्यामुळे एखाद्या दगडावर नतिमापक टेकवून हाती काही लागत नाही. एकच थर डोंगराच्या दोन अंगांना किती उंचीवर सापडतो, यावरूनच रचना उलगडते.

म्हणून वायुदाबावर चालणारा उंचीमापक सर्वांत आधी पिशवीत ठेवावा आणि पायथ्याच्या बारी गावात, नकाशावरून उंची नक्की ठरवता येईल अशा जागी तो जुळवून घ्यावा. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी १०च्या सुमारास चढतो आणि दुपारी ४च्या सुमारास उतरतो. तेवढ्यानेच एका जागी ठेवलेला उंचीमापक २५ ते ३० मीटरचा फरक दाखवू शकतो, म्हणजे १:५०,००० नकाशावरील दोन समोच्चरेषांमधल्या २० मीटरपेक्षाही जास्त. त्यामुळे प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहावी आणि उतरल्यावर त्याच जागी पुन्हा वाचन घ्यावे.

दोन प्रवाहांची सीमा ओळखण्यासाठी हातोडी, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली पुरते. खालच्या प्रवाहाचा माथा सच्छिद्र, तांबूस असतो. त्यावर कधी गेरूसारखा लाल मातीचा पट्टा आणि मग पुन्हा घट्ट काळा पाषाण लागतो. छिद्रांतल्या पांढऱ्या खनिजावर आम्ल फसफसले तर ते कॅल्साइट, एरवी बहुधा झिओलाइट. फेल्डस्पार या खनिजाची बोटाच्या पेराएवढी पांढुरकी पाती असलेला थर दिसला, तर तिथे थांबून सविस्तर नोंद करावी, कारण दूरवर ओळखता येणारा असा दुसरा थर क्वचितच मिळतो. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे सुई भरकटते, तेव्हा होकायंत्र कातळाला टेकवू नये.

हा भाग अभयारण्यात येत असल्याने नमुने फोडण्यासाठी वनविभागाची लेखी परवानगी आधीच काढावी. ती नसेल तर छायाचित्रांवर आणि रेखाटनांवरच भागवावे. पावसाळ्यानंतरचे उंच गवत सीमा झाकून टाकते, त्यामुळे ते वाळून बसल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत जावे आणि कोरड्या ओढ्यांच्या पात्रांतून चढावे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर बारीतले वाचन आणि वेळ लिहिल्याशिवाय पहिले पाऊल टाकू नये.