उदयोन्मुख देशांचे बाँड ईटीएफमधून कसे घ्यावेत? मुंबईकर गुंतवणूकदारासाठी

ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया, फिलिपिन्स, तुर्कस्तान, सौदी अरेबिया या देशांची सरकारं जगभरातून कर्ज उचलतात आणि त्यावर अमेरिकी सरकारपेक्षा जास्त व्याज देतात. हे बाँड, म्हणजे अशा कर्जाचे रोखे, सुटे घ्यायचे तर एकेका खरेदीला बऱ्याचदा दोन लाख डॉलर मोजावे लागतात. ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकत मिळणाऱ्या फंडात, मात्र एका युनिटच्या किमतीत डझनावारी देशांचं कर्ज हाती येतं. मुदत ठेव, पीपीएफ आणि सोनं यांवर उभ्या असलेल्या आपल्या घरांसाठी हा प्रकार नवा आहे, पण अवघड नाही. फक्त पायऱ्यांचा क्रम चुकवू नये. बहुतेक जण आधी ॲप उघडतात आणि फंड नंतर शोधतात. तिथेच गडबड होते.

आधी चलन ठरवा

उदयोन्मुख देशांचं कर्ज दोन प्रकारचं असतं. एक डॉलरमधलं, दुसरं त्या-त्या देशाच्या चलनातलं. डॉलरमधल्या कर्जाचा सर्वांत मोठा ईटीएफ म्हणजे आयशेअर्सचा ईएमबी. तो डिसेंबर 2007 मध्ये सुरू झाला, जे.पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेच्या निर्देशांकाचा माग ठेवतो आणि त्याचा वार्षिक खर्च 0.39 टक्के आहे. व्हॅनगार्डचा व्हीडब्ल्यूओबी याहून स्वस्त पडतो. स्थानिक चलनातल्या कर्जासाठी व्हॅनएकचा ईएमएलसी प्रसिद्ध आहे.

रुपयात कमावणाऱ्याने सुरुवातीला डॉलरवालाच फंड घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. कारण असं. जून 2024 ते मार्च 2025 या काळात जे.पी. मॉर्गनने आपल्या स्थानिक चलनाच्या निर्देशांकात भारताचे सरकारी रोखे दर महिन्याला एक टक्का असे दहा टक्क्यांपर्यंत सामावून घेतले. म्हणजे रुपये देऊन डॉलर घ्यायचे, वर फंडाची फी भरायची आणि त्यातला दहावा हिस्सा आपल्याच सरकारच्या रोख्यांत जायचा! तेच रोखे नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर घरबसल्या, कोणतंही शुल्क न भरता घेता येतात. शिवाय त्या निर्देशांकात चीन आणि थायलंडही आहेत. त्यांचे व्याजदर आपल्यापेक्षा बरेच कमी आहेत.

डॉलरच्या फंडात भारत सरकारचं कर्ज येत नाही, कारण आपल्या सरकारने परदेशात डॉलरमधले सार्वभौम बाँड काढलेलेच नाहीत. 2019 च्या अर्थसंकल्पात तशी घोषणा झाली होती, पण ती मागे पडली. त्यामुळे इथे खरोखर वेगळं काही तरी हाती लागतं. डॉलरचा दुसरा फायदा 2022 ने दाखवला. फेडने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, वर्षभरात व्याजदर शून्याजवळून सव्वाचार ते साडेचार टक्क्यांवर नेले आणि हे बाँड जोरात आपटले. समजा, तुमचे 100 डॉलर घसरून 82 झाले. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर सुमारे 74 रुपये 30 पैसे होता, अखेरीला सुमारे 82 रुपये 70 पैसे. म्हणजे 7,430 रुपयांचे साधारण 6,780 झाले. डॉलरमध्ये 18 टक्के खड्डा, रुपयात नऊच्या आत. हा आधार दर वेळी मिळेलच असं नाही, पण जागतिक बाजार घाबरतो तेव्हा रुपयाही बहुधा घसरतो.

मग फंडाचा पत्ता पाहा

ही पायरी सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते, आणि पैशाच्या दृष्टीने बहुधा हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. एकाच प्रकारचा फंड अमेरिकेत नोंदलेला असतो आणि आयर्लंडमध्येही. प्रत्येक फंडाला आयएसआयएन हा ओळख क्रमांक असतो. त्याची पहिली दोन अक्षरं बघा. ‘यूएस’ असेल तर अमेरिका, ‘आयई’ असेल तर आयर्लंड.

अमेरिकी फंडाच्या प्रत्येक लाभांशातून भारतीय रहिवाशाचा 25 टक्के कर तिथेच कापला जातो. बाँड फंडाची जवळपास सगळी कमाई लाभांशातूनच येते, म्हणून ही कपात शेअरच्या फंडापेक्षा इथे जास्त बोचते. भारतात तिचं श्रेय मागता येतं, पण ज्याचा स्लॅब कमी आहे त्याला ते पुरतं मिळत नाही. याहून गंभीर बाब वारसांची. अमेरिकेत नोंदलेली मालमत्ता 60,000 डॉलरच्या वर, म्हणजे रुपयांत पन्नास लाखांच्या पुढे असेल आणि गुंतवणूकदार दगावला, तर तिथला वारसा कर लागू होतो. त्याचा कमाल दर 40 टक्के आहे, आणि या करावर आपला अमेरिकेशी करार नाही. आपल्या माघारी बायकामुलांनी अमेरिकी कर खात्याशी पत्रव्यवहार करत बसावं, असं कोणाला वाटेल?

आयर्लंडमधल्या फंडाला या दोन्ही कटकटी नाहीत. त्यात ‘अक्युम्युलेटिंग’ म्हणजे व्याज वाटून न टाकता फंडातच पुन्हा गुंतवणारा पर्यायही असतो. आयशेअर्सचा असा डॉलर बाँड फंड लंडनच्या बाजारात मिळतो. खर्च थोडा जास्त आहे, पण वाचलेल्या करापुढे तो काहीच नाही. अडचण एकच. भारतात लोकप्रिय असलेली बरीच ॲप फक्त अमेरिकी बाजार देतात. लंडनसाठी इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्ससारखा आंतरराष्ट्रीय दलाल लागेल. रक्कम चार-पाच लाखांची असेल तर अमेरिकी फंडावर काम भागेल. दरवर्षी भर घालत मोठी रक्कम जमवायची असेल तर पहिल्या दिवसापासून आयर्लंडच धरा.

फॅक्टशीटमध्ये काय वाचायचं

फंडाच्या या माहितीपत्रकात तीन गोष्टी बघा: देशांची यादी, ‘ड्युरेशन’ आणि पतमानांकनाची विभागणी. ड्युरेशन सातच्या आसपास असेल तर व्याजदर एक टक्का वाढल्यावर किंमत साधारण सात टक्के पडते. देशांची यादी यासाठी की ही सरकारं पैसे बुडवतातही. एप्रिल 2022 मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जफेड थांबवली, डिसेंबरमध्ये घानाने. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाचे बाँड तर मार्च 2022 अखेर जे.पी. मॉर्गनच्या निर्देशांकातून थेट काढून टाकले गेले. फंडात अनेक देश असल्यामुळे एकाच्या बुडण्याने सगळं बुडत नाही, पण धक्का बसतोच. म्हणून वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा इथे नको. स्थिर उत्पन्नाच्या गुंतवणुकीतला पाच-दहा टक्के हिस्सा पुरे. मुलीला पुढे परदेशी शिकायला पाठवायचं असेल आणि हाती पाच-सहा वर्षं असतील, तर मात्र डॉलरमधली ही जमवाजमव खरोखर उपयोगी पडते.

पैसे बाहेर पाठवताना

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, एका व्यक्तीला एप्रिल ते मार्च या वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. त्यासाठी पॅन आणि ए-2 अर्ज लागतो. आता बहुतेक बँकांत हे नेटबँकिंगवरून होतं. पण पहिल्या वेळी शाखेत जाऊनच करा. अर्जातला हेतूचा कोड परदेशातल्या गुंतवणुकीचाच आहे ना, हे अधिकाऱ्यासमोर तपासा. तिथे भलताच कोड पडला तर नंतर पत्रं लिहून दमायला होतं.

दराची घासाघीस अवश्य करा. दुपारी एफबीआयएल ही संस्था डॉलरचा संदर्भ दर जाहीर करते. बँक त्याच्या किती वर डॉलर विकते ते विचारा. पाच लाखांवर एक टक्का फरक म्हणजे पाच हजार रुपये. दादर-पार्ल्याच्या शाखांतसुद्धा जुन्या खातेदाराला तोंडाने मागितल्यावर दर सुधारून मिळतो. न मागता कोणी देत नाही.

वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो कर, नाही. त्यापुढच्या रकमेवर 20 टक्के. बारा लाख पाठवले तर दोन लाखांवर 40,000 रुपये. हा खर्च नव्हे. विवरणपत्रात तो वजा होतो, आणि पगारदाराला कंपनीला कळवून टीडीएसमध्येही जुळवून घेता येतो. पाठवलेले पैसे न गुंतवता पडून राहिले तर 180 दिवसांत परत आणावे लागतात. मार्जिनवर, म्हणजे उधारीवर, व्यवहार करायला या योजनेत परवानगी नाही. म्हणून दलालाकडे रोखीचंच खातं उघडा.

ऑर्डर

लंडनचा बाजार आपल्या वेळेने उन्हाळ्यात साडेबारा ते नऊ, हिवाळ्यात दीड ते दहा. न्यूयॉर्क उन्हाळ्यात संध्याकाळी सात ते मध्यरात्री दीड, हिवाळ्यात एक तास उशिरा. लंडनमध्ये बऱ्याच फंडांची डॉलर आणि पौंड अशी दोन चलनांत खरेदी-विक्री होते. तुम्ही डॉलरचीच निवडा, नाहीतर चलन बदलण्याचा खर्च दोनदा पडेल. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची, टाकू नका; लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाची, टाका. संध्याकाळी न्यूयॉर्क उघडल्यावर, लंडन बंद होण्याआधी, खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर सहसा कमी असतं.

कर आणि कागद

लाभांश तुमच्या स्लॅबने करपात्र. विक्रीचा नफाही स्लॅबनेच धरून हिशेब मांडा. परदेशी मालमत्तेवर 24 महिन्यांनंतर 12.5 टक्के हा दर ऐकून अनेक जण खूश होतात. पण 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडांचा नफा स्लॅबने आकारला जातो, आणि परदेशी बाँड ईटीएफ त्यातच मोडतो असं मानणारे सीए आहेत. विकण्याआधी आपल्या सीएचं लेखी मत घ्या.

विवरणपत्रात परदेशी मालमत्तेची अनुसूची भरायलाच हवी, एकच युनिट असलं आणि नफा शून्य असला तरी. काळ्या पैशाच्या कायद्यात ती न भरल्याबद्दल दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला ऑक्टोबर 2024 पासून दंडातून सूट मिळाली, पण माहिती देण्यातून नाही. ही अनुसूची आर्थिक वर्षाची नसून जानेवारी ते डिसेंबरची असते. तेव्हा 31 डिसेंबरचं दलालाचं विवरण जानेवारीतच उतरवून ठेवा. वर्षातली कमाल किंमत, अखेरची किंमत आणि मिळालेला लाभांश हे तिन्ही आकडे त्यात लागतात.